हुकमाआधीचं निशाण

"गुळवणी, निशाण आवळून धरा. आज वारं पिसाळलंय," सरनोबतसाहेब माझ्याकडे न बघता म्हणाले.

ते माझ्याकडे कधीच बघत नसत. त्यांची नजर घोड्यांवर असे. शर्यत सुटायच्या जागी, आतल्या कठड्याला लागून, चार फूट उंचीचं एक लाकडी मचाण होतं. मचाणाच्या पुढच्या कडेला साहेब उभे राहत आणि त्यांच्या पाठीमागे मी, पांढरं निशाण काठीला गुंडाळून. त्यांच्यासमोर मैदानात आडवी ताणलेली फीत आणि फितीमागे घोडे. साहेबांनी खटका ओढला की फीत सपकन वर उडायची आणि शर्यत सुटायची.

एकाहत्तर सालच्या ऑगस्टमधला तो रविवार होता. गावाचं नाव मी सांगत नाही. संस्थान गेलं तरी त्या गावाचा घोड्यांचा शौक गेला नव्हता, आणि जुन्या माणसांपैकी कुणाची ना कुणाची नातवंडं अजून तिथे राहतात. आठवण सांगताना माझ्या हातून कुणावर अन्याय होऊ नये एवढीच इच्छा आहे. तसा माझ्या आठवणीवर माझा फारसा भरवसा नाही. पण ही एक आठवण मी इतक्या वेळा तपासून पाहिली आहे की तिच्यात चूक सापडायची असती तर एव्हाना सापडली असती.

मी तिथल्या हायस्कुलात ग्रंथपाल होतो. वय एकोणतीस. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटायची. सरनोबतसाहेब, म्हणजे घोडदळातले निवृत्त रिसालदार आणि आता शर्यत सोडणारे 'स्टार्टर', एकदा घोड्यांच्या आजारांवरचं एक जुनं पुस्तक शोधत आमच्या ग्रंथालयात आले होते. मी न विचारता त्यांना त्याच विषयावरची आणखी दोन पुस्तकं काढून दिली आणि पुन्हा टेबलामागे जाऊन बसलो. ते टेबलापाशी आले.

"मास्तर, तुम्ही बोलत नाही फारसं?"

"नाही."

"बेस. मला निशाण धरायला न बोलणारा माणूस पायजे. आधीचा होता तो लई बोलायचा. घोडी बिचकायची."

अशी ती नोकरी मिळाली. मोसमातल्या रविवारी दहा रुपये आणि दुपारचं जेवण. पण खरं सांगायचं तर मला पैशांचं अप्रूप नव्हतं. मला त्या निशाणाचा अभिमान होता. चार हजार माणसं समोरच्या स्टँडवरून माझ्या हाताकडे डोळे लावून बसत आणि त्यातल्या एकालाही माझं नाव माहीत नसे. माझ्यासारख्याला यापेक्षा चांगली जागा कुठे मिळणार होती?

निशाणाचं काम तसं सोपं होतं. घोडे रांगेत आले, साहेबांच्या मनासारखे उभे राहिले, की साहेब डावा हात खटक्यावर ठेवायचे आणि उजव्या हाताची दोन बोटं टोपीच्या कडेला लावायचे. तोच हुकूम. बोटं लागली की मी निशाण वर करायचं. चार-पाच सेकंदांत खटका, आणि घोडे सुटले.

पण त्या चार-पाच सेकंदांना फार मोल होतं. निशाण वर गेलं म्हणजे घोडे हुकमाखाली आले. पलीकडे स्टँडवर घंटा वाजायची, तिकिटांच्या खिडक्या बंद व्हायच्या. त्यानंतर एखादा घोडा पळो, जागेवर उभा राहो, नाहीतर लोळण घेवो, त्याच्यावर लावलेले पैसे गेले ते गेले. निशाणाच्या आधी घोडा बाद झाला, तर मात्र त्याच्या तिकिटांचे पैसे परत. शर्यतींच्या नियमांचं छोटं निळं पुस्तक मी पहिल्याच मोसमात अकरा वेळा वाचलं होतं. घरात दुसरं नवीन पुस्तक नव्हतं म्हणूनही असेल.

त्या दिवशी चौथ्या शर्यतीत सात घोडे होते. लोकांचा सगळा जीव शामकर्णावर होता. त्या मोसमात तो तीनदा पळाला होता आणि तिन्ही वेळा जिंकला होता. गावातल्या न्हाव्यापासून मामलेदार कचेरीतल्या कारकुनांपर्यंत ज्याच्या खिशात दोन रुपये होते त्याने शामकर्णाचं तिकीट काढलं होतं. गुलछडी नावाची एक किरकोळ घोडी होती, तिला फारसं कुणी विचारत नव्हतं.

विचारणारे होते ते मोजके, त्यातला एक आमच्यातलाच. फितीची देखभाल करणारा इस्माईल नदाफ. फितीच्या बाहेरच्या टोकाला, मैदानाच्या पलीकडे तो उभा असे. शर्यत सुटली की फीत उतरवून पुन्हा ताणायची, हे त्याचं काम. आम्हां कामावरच्या माणसांना तिकीट काढायची बंदी होती, म्हणून त्याने मेव्हण्याला पाठवून गुलछडीची पाच तिकिटं काढली होती. सकाळीच मला कानात सांगितलं होतं त्याने.

"मास्तर, ह्या पोरीच्या मागच्या पायात दम हाय. आज फळफळतंय बगा नशीब. आली तर म्या लाऊडस्पीकर घेतो. लग्नाकार्याला भाड्यानं द्यायचा. ह्यो धंदा लई चालणार हाय."

"आणि नाही आली तर?"

"न्हाई आली तर मेव्हण्यानं खाल्लं म्हनायचं."

घोडे रांगेत येत होते. शामकर्ण तिसऱ्या जागेवर होता, त्याच्या शेजारी एक तांबडा, तापट घोडा. साहेबांनी डाव्या हाताने खिशातून तपकिरीची डबी काढली. रांग लागेपर्यंत चिमूटभर तपकीर ओढायची त्यांची सवय होती. तेवढ्यात वाऱ्याचा मोठा झोत आला. साहेबांचा उजवा हात टोपीकडे गेला.

आणि मी निशाण वर केलं.

निशाण वर जाताजाताच मला कळलं. त्यांनी दोन बोटं लावली नव्हती. अख्खा पंजा टोपीवर दाबून धरला होता, टोपी उडू नये म्हणून. आणि डावा हात खटक्यावर नव्हता. डाव्या हातात डबी होती.

पलीकडून घंटेचा आवाज आला, वाऱ्यामुळे अगदी पुसट. साहेबांना तो ऐकू आला नसावा. त्यांना कमी ऐकू यायचं, आणि ते त्यांनी कधी कबूल केलं नव्हतं. मी निशाण खाली घ्यायला हवं होतं. पण खाली घेतलं तर स्टँडवर काय समजतील, खाली घेण्याचा हुकूम तरी कुठे आहे, असा विचार करत मी काठी धरून उभाच राहिलो. माझा स्वभावच तो. चुकल्यावर ती चूक दुरुस्त करणंही चूक ठरेल की काय, याची भीती वाटत राहते.

दहा सेकंद गेली असतील. तांबड्या घोड्याने लाथ झाडली. हाड फुटल्यासारखा आवाज झाला आणि शामकर्ण मागच्या पायावर बसलाच. जॉकी घसरून खाली आला. घोडा उठला, पण पाय टेकवेना.

"बाजूला घ्या त्याला!" साहेब ओरडले. "तीन नंबर बाद! बाकीचे पुढं या."

डबी खिशात गेली. डावा हात खटक्यावर आला. दोन बोटं टोपीच्या कडेला लागली. माझ्या डोक्यावर निशाण आधीच फडफडत होतं. साहेबांनी मागे वळून पाहिलं नाही. खटका ओढला, फीत उडाली, सहा घोडे सुटले.

गुलछडी दीड घोड्याच्या अंतराने पहिली आली.

*

शर्यत सुटली की आम्ही तिघं जीपमधून स्टँडकडे जात असू. साहेब पुढे ड्रायव्हरशेजारी, मी आणि इस्माईल मागे. इस्माईल पोटाशी हात आवळून बसला होता. हसू चेहऱ्यावर येऊ नये म्हणून त्याने खालचा ओठ दातांत धरला होता. मग त्याचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे गेलं.

तो माझ्या कानाशी वाकला. "मास्तर, म्या बगितलं. निशाण आधी वर गेलं."

मी मान हलवली.

"डाव्या हातात डबी हुती."

मी पुन्हा मान हलवली.

"मग आता काय करायचं मनात हाय?"

"माहीत नाही."

"गप बसा. मास्तर, तुमच्या पाया पडतो, गप बसा. निशाण वर हुतं, चार हजार मान्सांनी बगितलं. शामकर्णाचं पैसं बुडलं, विषय संपला. तुम्ही तोंड उघडलं तर ते पैसं परत जातील आणि आमची तिकिटं निम्म्याच्या निम्मी हुतील."

तो बरोबर बोलत होता. सगळ्या तिकिटांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटत. शामकर्णाच्या तिकिटांचे पैसे परत गेले तर वाटायला फार उरत नव्हतं.

"ऐंशीचा भाव लागणार हाय दोन रुपयाला," इस्माईल पुटपुटला. "पाच तिकिटं. चारशे रुपये. मास्तर, चारशे."

साहेबांनी मान वळवली. "काय कुजबुज चाललीय रं?"

"काय न्हाई जी. मास्तरास्नी वारं बादलंय."

स्टँडजवळ पोहोचलो तर कठड्यापर्यंत माणसं आली होती. "पैसे परत द्या!" एक बाजू ओरडत होती. "घोडा पळालाच न्हाई!" दुसरी बाजू तेवढ्याच जोरात, "निशाण वर हुतं! घंटा वाजली हुती! नेम म्हंजे नेम!" कुणीतरी शामकर्णाच्या तिकिटांचे तुकडे करून हवेत उडवले आणि लगेच ते गोळा करायला लागला. न जाणो, परत मिळायचे.

*

पंचांची खोली स्टँडखाली होती. एक लांब टेबल, हिरवं कापड, भिंतीवर संस्थानकाळातल्या घोड्यांचे फोटो. त्या दिवशी दोन पंच बसले होते. मुख्य पंच भाऊसाहेब इंगवले, मोठे जमीनदार, गावात त्यांना सगळे सरकार म्हणत. दुसरे दोशी वकील, चष्मा कपाळावर ठेवायची सवय असलेले, हुशार. सरनोबतसाहेब टेबलासमोर उभे राहिले. मी आणि इस्माईल दाराशी भिंतीला टेकून.

"रिसालदार," दोशी म्हणाले, "आमच्यापुढे एकच प्रश्न आहे. घंटा वाजली तेव्हा शामकर्ण आपल्या पायांवर उभा होता. लाथ नंतर बसली. हे आम्ही दोघांनी दुर्बिणीतून पाहिलं आहे. म्हणजे घोडा हुकमाखाली होता. म्हणजे पैसे परत नाहीत. बरोबर?"

 साहेबांच्या भुवया जवळ आल्या होत्या. मला दिसलं, त्यांना हे पहिल्यांदाच कळत होतं.

"घंटा लाथेआधी वाजली?"

"चांगली दहा सेकंद आधी."

"बाहेर लोकांनी डोकं उठवलंय," इंगवले म्हणाले. "आम्हालाही त्या जनावराचे पैसे परत द्यावे वाटतात. पण वाटून काय उपयोग? गुलछडीवाल्यांनीही पैसेच लावलेत. त्यांचं कमी करायचं तर कारण पाहिजे. सरनोबत, सरळ सांगा. निशाण तुमच्या हुकमाने वर गेलं ना?"

साहेबांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. दोन मोसमांत पहिल्यांदा. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण त्यांना त्यातून सगळं समजलं असावं, कारण ते पुन्हा टेबलाकडे वळले, टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "माझ्या हुकमाशिवाय निशाण वर जात नाही, सरकार."

हे त्यांनी मला वाचवायला म्हटलं, की स्वतःचा चाळीस वर्षांचा नावलौकिक वाचवायला, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. कदाचित त्यांनाही नसेल आलं.

"झालं तर," दोशींनी पेन उचललं.

मला वाटलं, हे चांगलंच झालं. कुणी विचारलं नाही, म्हणून मी बोललो नाही. असं म्हणून मी घरी गेलो असतो, आणि माझी खात्री आहे की मला झोपही लागली असती. मी काही मोठा सत्यवादी नव्हतो. पण त्या निळ्या पुस्तकातला एकोणिसावा नियम मला पाठ होता. तो डोक्यात आपोआप म्हटला जात होता, लहानपणी पाढे म्हटले जात तसा. दोशी जे लिहायला लागले होते ते त्या नियमाला धरून नव्हतं. चुकीच्या कपाटात पुस्तक ठेवताना पाहिलं की माझा हात आपोआप पुढे होतो, तसंच काहीसं झालं.

"हुकूम नव्हता," मी म्हणालो.

दोशींनी मान वर केली. "कोण बोललं?"

"मी." माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. "निशाण मी वर केलं. साहेबांनी हुकूम दिला नव्हता. त्यांनी वाऱ्यामुळे टोपी धरली. मला वाटलं हुकूम. चूक माझी आहे. नियम एकोणीस म्हणतो, घोडा हुकमाखाली येतो तो 'स्टार्टरच्या हुकमावरून निशाण उंचावल्यावर'. नुसतं निशाण वर जाऊन भागत नाही."

इंगवले खुर्चीत पुढे झाले. दोशींनी निळं पुस्तक उघडलं, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. एक पान बोट फिरवत वाचलं.

"शब्द बरोबर आहेत," ते म्हणाले. "पण मास्तर, तुमचे वरिष्ठ म्हणतात हुकूम दिला. तुम्ही म्हणता नाही दिला. त्यांनी टोपीला हात लावला, हे तुम्हीही मान्य करता. मग तो हुकूम नव्हता हे तुम्ही कशावरून ठरवलं?"

"हुकमाला दोन बोटं असतात. आणि डावा हात खटक्यावर असतो. तेव्हा डाव्या हातात तपकिरीची डबी होती."

"कुणी पाहिली? स्टँडवरून डबी दिसत नाही."

"मी पाहिली."

"तुम्ही पाहिली." दोशींनी पुस्तक मिटलं. त्यांचा आवाज चढला नाही, उलट मऊ झाला. "आता मला सांगा, एका निशाणवाल्याच्या एका शब्दावर शामकर्णाचे सगळे पैसे लोकांना परत जातात. बाहेर तीन हजार माणसं तो शब्द ऐकायला टपली आहेत. त्यातल्या कुणी कुणी आज तुमची भेट घेतली? शरमू नका. कितीवर ठरलं?"

मी काय उत्तर दिलं असतं माहीत नाही. बहुधा काहीच नाही.  मी आयुष्यात कुणाकडून एक कप चहासुद्धा सहज घेतला नव्हता. आणि ते सांगायला मला शब्द मिळत नव्हते.

"ओ वकीलसाहेब."

इस्माईल भिंतीपासून सुटून पुढे आला होता. दोशींनी त्याच्याकडे पाहिलं. "तू कोण?"

"इस्माईल नदाफ. फितीवर असतो. म्या बी बगितली डबी. मी समोरच्या टोकाला हुतो, साहेब माझ्याकडंच तोंड करून हुते. डाव्या हातात डबी, उजवा पंजा टोपीवर. हुकूम न्हवता. निशाण बगून मलाच नवल वाटलं."

"मग आतापर्यंत गप्प का होतास?"

इस्माईलने शर्टाच्या आतल्या खिशात हात घातला. गुलाबी रंगाची पाच तिकिटं काढून हिरव्या कापडावर ठेवली, एक एक करून.

"गुलछडीची हायती. आमाला बंदी हाय, म्हाईत हाय मला. मेव्हण्याच्या हातनं काढली. म्हणून गप हुतो. मास्तरास्नी बी जीपमध्ये म्याच म्हनलो, गप बसा. आता लाच घेतली म्हनायचं असंल तर मला म्हना. मला तर निशाण बरोबर हुतं म्हनायचंच चारशे रुपये मिळत हुते."

 वर स्टँडवर माणसं पाय आपटत होती, छतातून धूळ गळत होती. इंगवल्यांनी तिकिटांकडे पाहिलं, मग इस्माईलकडे, मग सरनोबतसाहेबांकडे.

"रिसालदार. पुन्हा एकदा विचारतो. घाई नाही."

साहेबांनी डावा हात खिशात घातला. पितळी डबी बाहेर काढली आणि तिकिटांच्या शेजारी ठेवली.

"टोपी धरली होती, सरकार. हुकूम नव्हता. निशाण कधी वर गेलं ते मी बघितलंच नाही. बघायला पायजे होतं. मागं वळून बघायला माझी मान काय मोडली नव्हती." त्यांनी डबी टेबलावर थोडी पुढे सरकवली. "आणि घंटा मला ऐकू आली नाही. मला अलीकडं कमी ऐकू येतं. हेही लिहा."

ते शेवटचं वाक्य बोलताना त्यांची मान ताठ होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी धुळीच्या नावावर खपवलं.

पंचांनी पंधरा मिनिटं घेतली. दोशींनीच निकाल लिहिला, आणि लिहिताना एकदाही खोडाखोड केली नाही. शामकर्ण हुकमाखाली आलाच नव्हता, त्याची सर्व तिकिटं परत घ्यावीत, गुलछडीचा भाव नव्याने काढावा. इस्माईलला दोन रविवार कामावरून बंद, आणि तिकिटं मात्र त्याच्या मेव्हण्याची समजावीत. ही शेवटची ओळ इंगवल्यांनी घालायला लावली. मला मोसम संपेपर्यंत निशाणावरून दूर. ते ऐकून मी मान हलवली. निकाल योग्य होता. मी असतो तर मीही हाच दिला असता.

निकाल वाचून झाल्यावर दोशी टेबलाला वळसा घालून माझ्याकडे आले. "मास्तर, मघाशी मी जे विचारलं ते विचारणं माझं काम होतं."

"हो."

"पण ते तसं विचारायला नको होतं." एवढं बोलून त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला आणि ते गेले.

सरनोबतसाहेब दारात थांबले होते. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"गुळवणी, तुम्ही बोलत नाही म्हणून घेतलं होतं मी तुम्हाला."

"चुकलो, साहेब."

"चुकलात तर. निशाण लवकर वर केलंत, ते चुकलात." त्यांनी डबी उघडली, चिमूट घेतली, डबी माझ्यापुढे धरली. मी नको म्हटलं. "दुसऱ्या बाबतीत मी काही बोललो नाही," ते म्हणाले.

*

मी आणि इस्माईल मागच्या दाराने बाहेर पडलो. लाऊडस्पीकरवरून निकाल सांगत होते. अर्ध्या मैदानातून आरोळी उठली. शामकर्णवाले फेटे उडवत होते. पैसे परत द्यायच्या खिडकीपुढे शेपटासारखी रांग लागली होती.

गुलछडीचा नवा भाव लागला होता, दोन रुपयाला चोवीस.

"एकशे वीस," इस्माईल म्हणाला. "चारशेचं एकशे वीस."

"इस्माईल, मला..."

"मास्तर, आता उगा वाईट वाटून घेऊ नका. एकशे वीसमध्ये भोंगा येतो. मशीन पुढच्या वर्षी घेतो."

"तू का बोललास? मी गप्प राहिलो असतो तर..."

"तुम्ही गप्प राहिला असता तर मी बी राहिलो असतो. देवाशप्पत. मला काय चाड न्हवती शामकर्णाच्या पैशाची." तो माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत होता. "पण त्यो वकील तुमास्नी किती घेतलं म्हनला. आन् तुम्ही नुसतं हुबं. मला वाटलं, ह्या मान्साला कुणी कदी असं इचारलं नसंल, ह्याला आता उत्तर द्यायला जमणार न्हाई. मग म्हनलं, आपण देऊ."

पुढे पाच-सहा माणसं घोळका करून उभी होती. गुलछडीवाले. हातातली गुलाबी तिकिटं त्यांनी चुरगाळली होती. त्यातला एक धिप्पाड माणूस, कपाळावर शिरा तट्ट फुगलेल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवत होता.

"निशाणवाला कोन हुता? त्याचं थोबाड बगायचंय मला. आमचा घास काढला तोंडातनं."

इस्माईलने माझी बाही धरली. "मास्तर, तबेल्याकडनं चला. हिकडनं नको. त्यास्नी तुम्ही म्हाईत न्हाई."

ते खरं होतं. दोन मोसम मी त्या मैदानावर उभा होतो आणि मला कुणी ओळखत नव्हतं. तबेल्याकडून गेलो असतो तर ओळखलंही नसतं. पुढच्या रविवारी दुसरा कुणी मचाणावर चढला असता आणि गावाने माझं नाव कधीच ऐकलं नसतं. मला हेच हवं होतं. आयुष्यभर मी हेच मागत आलो होतो.

इस्माईलच्या हातातून मी बाही सोडवून घेतली. घोळक्याकडे चालत गेलो. 

"मी होतो," मी म्हणालो.

त्या माणसाने कान पुढे केला. "काय म्हनालास?"

माझा आवाज पहिल्यापासून बारीकच. मला पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्या वेळी ते पैसे परत घेणाऱ्यांच्या रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं.